सोयाबीन : एका वाणाचे राज्य परवडणारे नाही

दसऱ्याच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या राशी लागू लागल्या, की चर्चा होते ती भावाची, हमीदराची आणि खाद्यतेलावरील आयातशुल्काची. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या बियाण्यातून ही रास उभी राहिली ते किती जुने आहे आणि कोणत्या रोगापुढे ते टाव धरील, हा प्रश्न बाजारात कोणी विचारीत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील लक्षावधी कुटुंबांचा वर्षाचा जमाखर्च आज या एका पिकावर अवलंबून आहे. तेव्हा त्याच्या वाणांचा विचार केवळ कृषी विद्यापीठांवर सोपवून आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही.

सोयाबीन मूळचे चीनचे. आपल्याकडे त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली ती साठच्या दशकात, पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगांनंतर. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पही उभा राहिला. प्रारंभी ब्रॅगसारखे अमेरिकी वाण जसेच्या तसे पेरले गेले. पांढरी माशी ज्याचा प्रसार करते त्या पिवळ्या मोझॅकपुढे तराई भागात त्यांचा निभाव लागेना. तेव्हा पंतनगरच्या संशोधकांनी संग्रहातील वाण एकामागून एक तपासले आणि यू.पी.एस.एम. ५३४ या वाणात प्रतिकारशक्ती आढळताच त्याच्याशी संकर करून पी.के. ४१६ सारखे वाण निर्माण केले. ज्या वाणाचे उत्पन्न कोणाच्या नजरेत भरले नसते, त्यानेच अडचणीच्या वेळी पीक सावरले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९९४ साली जबलपूरहून जे.एस. ३३५ हा वाण प्रसारित झाला आणि मध्य भारताच्या शेतीचे चित्रच पालटले. पंचाण्णव ते शंभर दिवसांत तयार होणारा, निरनिराळ्या जमिनींत जुळवून घेणारा आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी वेळेवर रान मोकळे करून देणारा हा वाण शेतकऱ्यांनी आपलासा केला, यात नवल नाही. त्याचे ऋण कोणी नाकारू नये. परंतु पुढे वर्षानुवर्षे शिवारेच्या शिवारे त्याच एका वाणाने व्यापली, आणि पिवळ्या मोझॅकचा प्रतिकार करण्याचा गुण त्याच्या ठायी नव्हता. एकाच जनुकसंचाची झाडे मैलोगणती उभी असली, म्हणजे रोगाला एक कुलूप उघडताच सारा वाडा मोकळा मिळतो. २०२३ च्या खरिपात पिवळ्या मोझॅकने विदर्भात जो हाहाकार उडविला, त्याचा दोष केवळ हवामानाला देऊन भागणार नाही.

अमेरिकेचा अनुभव याहून वेगळा नाही. तेथे १९५४ साली मुळांवर जगणारी पुटी-सूत्रकृमी ही कीड प्रथम आढळली. तिच्यावर उतारा म्हणून चीनमधून आणलेल्या पी.आय. ८८७८८ या वाणातील प्रतिकारशक्ती घेण्यात आली व पुढे बहुतेक सर्व प्रतिकारक वाणांत तीच उतरली. परिणाम असा झाला, की काही दशकांत सूत्रकृमींच्या ज्या पिढ्या तिला जुमानत नाहीत त्यांचाच विस्तार झाला. ही प्रतिकारशक्ती ज्या जनुकसमूहात आहे त्याच्या अनेक प्रती एकापुढे एक असाव्या लागतात, हे रहस्य २०१२ मध्ये उलगडले. मात्र रहस्य कळल्याने सूत्रकृमी थांबत नाहीत. रोगप्रतिकार ही एकदा मिळवून पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे. ती पुनःपुन्हा आणि निरनिराळ्या उगमांतून मिळवावी लागते.

हे काम किती चिकाटीचे आहे, याची कल्पना बाहेरच्यांना क्वचितच असते. सोयाबीनचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून संकर करावयाचा तर ज्वारीच्या दाण्याएवढी कळी चिमट्याने उघडून, तिचे पुंकेसर काढून त्यावर दुसऱ्या वाणाचा पराग लावावा लागतो. प्रयत्न सफल झाला तर एका शेंगेत दोन-तीन दाणे मिळतात. त्यांच्या संततीतून सहा-सात पिढ्या निवड करावयाची, मग अनेक ठिकाणी चाचण्या घ्यावयाच्या. असा दहा-बारा वर्षांचा हा प्रवास असतो. त्यात गुणही परस्परविरोधी ठरतात. दाण्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने व वीस टक्के तेल असते. तेल वाढवू गेले की प्रथिने घटतात, आणि प्रथिने वाढवू गेले की बहुधा उत्पन्न खाली येते. शिवाय पावसाचा हंगाम आखूड असल्याने मुदत वाढवून उत्पन्न वाढविण्याची सोयही आपल्याला फारशी नाही. जगाची सरासरी हेक्टरी अडीच टनांवर असताना आपण टनाच्या आसपासच घुटमळतो, याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. नवे वाण शेतापर्यंत पोहोचतच नाहीत.

वाण नाहीत असे नव्हे. कृष्णाकाठच्या तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कसबे डिग्रज येथील केंद्रात फुले संगम तयार केला. परभणीने एम.ए.यू.एस. १५८ व ६१२ दिले, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एम.ए.सी.एस. ११८८ व १४०७. अडचण बियाण्याच्या साखळीत आहे. पीक स्वपरागित असल्याने शेतकरी घरचे बी पुढील वर्षी पेरू शकतो, आणि २००१ च्या कायद्याने त्याचा तो हक्क मान्यही केला आहे. तो रास्तच आहे. परंतु जे बियाणे दरवर्षी विकत घेतले जात नाही, त्यात खाजगी भांडवलाला रस नसतो. त्यात या दाण्याची साल इतकी नाजूक, की मळणीत वा पोती आदळताना तो दुखावला तर उगवतच नाही. २०२० साली मराठवाड्यात बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा जो पाऊस पडला, तो विसरण्याजोगा नाही. म्हणूनच पैदासकार बियाण्यापासून प्रमाणित बियाण्यापर्यंतची जबाबदारी शासनाला झटकता येणार नाही.

मग करावे काय? प्रत्येक तालुक्यात निदान तीन-चार वाण, तेही निरनिराळ्या मुदतींचे आणि निरनिराळ्या उगमांतून प्रतिकारशक्ती घेतलेले, पेरले जातील असा आग्रह कृषी खात्याने धरावा. जे.एस. ३३५ च्या गादीवर दुसरा कोणी एकच वाण बसविणे ही सुधारणा नव्हे. बाजारात भाव ठरतो तो वजन, ओलावा व काडीकचरा पाहून. तेलाच्या प्रमाणाची दखल घेतली जात नसेल, तर अधिक तेलाचे वाण शेतकऱ्याने का पेरावेत? जो देश आपल्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणतो, त्याने हा प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. आणि दहा-बारा वर्षांचे काम एखाद्या संशोधकाच्या निवृत्तीने वा बदलीने अर्धवट पडणार असेल, तर त्या केंद्रांवर केलेला खर्चही वाया जातो, हे अर्थखात्याने समजून घ्यावे.

आज ज्या कळीवर चिमटा चालेल, तिचे फळ शेतकऱ्याच्या पदरी दहा-बारा वर्षांनी पडावयाचे आहे. तोवर रोग मात्र थांबून राहणार नाही.