पाचशे मीटरचा कायदा

महाराष्ट्रात १९९३ साली भूजलाविषयी एक कायदा झाला. पिण्याचं पाणी सुरक्षित राहावं हा त्याचा हेतू होता. त्यातलं मुख्य कलम सोपं होतं: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खणायची नाही. बोअरवेलही त्यात आलीच. हेतूबद्दल कुणाचा वाद नसावा. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की हंडा घेऊन किती चालावं लागतं, हे वर्गातल्या मुलींना विचारून पाहावं.

हे कलम अजून मंजूर व्हायचं आहे असं धरून त्याचा परिणाम आधीच ताडता येईल का, ते पाहू. गाव घेऊ बारामतीच्या जिरायती भागातलं लोणी भापकर. तिथल्या मल्लिकार्जुन मंदिराजवळची पुष्करणी अनेकांनी पाहिली असेल. पाणी साठवण्याचा विचार तिथे फार जुना आहे. आपली विहीर मात्र काल्पनिक.

५०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा. ७,८५,००० चौरस मीटर, म्हणजे ७८.५ हेक्टर किंवा सुमारे १९४ एकर! एका विहिरीसाठी एवढ्या जमिनीवर बंधन येतं. गावच्या नकाशावर कंपासने हे वर्तुळ काढलं, की कुणाकुणाचे गट आत येतात ते दिसतं. त्यांतल्या काहींच्या विहिरी आधीच आहेत, काहींच्या नाहीत. बंदी नव्या विहिरीला आहे. म्हणजे ज्याच्याकडे आजवर खणायला पैसे नव्हते, त्याच्यावर ओझं जास्त. शेजारी मात्र मोटार चालूच ठेवणार. टंचाई जाहीर झाल्यावर जुन्या विहिरींच्या उपशावरही नियंत्रण आणण्याची सोय कायद्यात होती, पण तोवर पाणी बरंच खाली गेलेलं असतं.

दुसरा प्रश्न खडकाचा. इथे बेसाल्ट आहे. त्यात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. झिजलेल्या थरांतून आणि फटींतून वाहतं. ३०० मीटरवरच्या विहिरीचा गावच्या विहिरीवर काही परिणाम होणार नाही आणि त्याच फटीवरची ७०० मीटरवरची बोअर ती आटवेल, असंही घडू शकतं. खडकाला वर्तुळ कळत नाही. मग वर्तुळ कशाला? कारण अंतर टेपने मोजता येतं, फट मोजता येत नाही. आम्हाला हे कारण अगदीच टाकाऊ वाटत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. माणसं स्वस्थ बसत नाहीत. कायदा येणार अशी कुणकुण लागली की आधीच बोअर मारून घेण्याची घाई होते. नंतर कुणी ५१० मीटरवर खणतो. जुन्या विहिरीत आडवी बोअर मारली, तर ती नवी विहीर म्हणायची का? मसुद्यातल्या व्याख्या अशाच प्रश्नांनी तपासायच्या असतात.

आणि तुलना कशाशी करायची? पाऊस कमी झाला तर विहीर कायद्याविनाही आटेल आणि चांगला झाला तर कायद्याविनाही भरेल. म्हणून आधीच्या काही वर्षांचा पाऊस आणि विहिरीतली पातळी यांची नोंद हाताशी हवी. ती नसेल तर नंतर श्रेय कुणालाही घेता येतं.

सरकारी पातळीवर खर्च होणार असेल, तर विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडतात. त्यातून तिजोरीवरचा भार कळतो, शेतकऱ्यावरचा नाही. २०१४ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं, की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि लोकांच्या जीवनावर व उपजीविकेवर होणारा अंदाजित परिणामही सांगावा. हे धोरण आहे, कायदा नव्हे. त्यामुळे ते पाळलं जातंच असं नाही.

१९९३च्या कायद्याची जागा पुढे २००९च्या भूजल अधिनियमाने घेतली. तो १ जून २०१४ पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरींना त्यात मनाई आहे. त्याच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. आपल्या गावातल्या बोअर किती फूट खोल आहेत, हे मुलांना घरोघरी विचारून तक्त्यात लिहायला सांगा. २०० फुटांच्या खाली किती निघतात, आणि त्या कुणाच्या आहेत?