पाऊस डोंगरात, पूर दारात: हवामानसेवेबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तो पडणारच, मग आधी सांगून काय उपयोग, असा सूर पेडणे आणि डिचोलीत आजही ऐकू येतो. या सुरामागे काही पक्के गैरसमज आहेत आणि त्यांची किंमत मोजतो तो हातावर पोट असलेला माणूस.

गैरसमज: आपल्या डोक्यावर आभाळ मोकळे, म्हणजे धोका नाही.

पेडण्यातील इब्रामपूर, हणखणे आणि डिचोलीतील साळ ही शापोरा नदीच्या खोऱ्यातली गावे. हीच नदी वर दोडामार्ग तालुक्यात तिळारी म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्र-गोव्याच्या संयुक्त प्रकल्पाचे धरणही तिथेच आहे. ऑगस्ट 2019 मध्ये धरणक्षेत्रात पावसाने कहर केला, पाणी सोडावे लागले आणि या गावांतल्या घरांत पाणी शिरले. साळमध्ये किती पाऊस पडला यावरून साळचा पूर कळत नाही. घाटात किती पडला आणि धरण किती भरले, ते पाहावे लागते.

हे काही तास आधी कळले तर काय वाचते? नदीकाठी बसवलेला पंप सोडवून वर आणता येतो. गोठ्यातली गुरे सोडता येतात. बियाण्याचे भात माळ्यावर चढवता येते. पंप वाहून गेला, तर छोट्या शेतकऱ्याला नवा घेण्यासाठी कर्ज काढावे लागते आणि पुढच्या वायंगणाचे पैसे त्या हप्त्यांत जातात. दारिद्र्य पुष्कळदा असे एकेका नुकसानीने घरात शिरते. जागतिक अनुकूलन आयोगाच्या 2019 च्या अहवालानुसार, 24 तास आधी इशारा मिळाला तर नुकसान 30 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते.

समुद्राचेही तसेच. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळ गोव्यापासून दूर समुद्रातून जात होते, तरी मोरजी, हरमल, केरीच्या किनाऱ्यांवर पाणी चढले आणि शॅकांची नासधूस झाली. लाटा वादळापासून शेकडो किलोमीटर प्रवास करतात. म्हणूनच हैदराबादचे 'इन्कॉईस' हे महासागर माहिती केंद्र उंच लाटांचा वेगळा इशारा देते. रापणकाराने आणि होडीवाल्याने पावसाच्या अंदाजाबरोबर तोही पाहायला हवा.

गैरसमज: ऑरेंज अलर्ट दिला आणि आमच्याकडे थेंबही पडला नाही, म्हणजे अंदाज खोटा.

इशारा बहुतेक वेळा जिल्ह्यासाठी असतो. उत्तर गोवा जिल्हा केरीच्या किनाऱ्यापासून सत्तरीच्या डोंगरापर्यंत पसरलेला, आणि डोंगराच्या पायथ्याशी पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त. 'तुरळक ठिकाणी' या शब्दांचाही हवामान खात्यात नेमका अर्थ आहे: जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्यात. मग हरमल कोरडे राहिले आणि साखळीत पाणी तुंबले, तरी अंदाज बरोबरच असतो. रंग मुख्यतः काय करायचे ते सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. अंदाज चुकतातही, आणि जितके पुढचे दिवस तितकी खात्री कमी. म्हणून आठवड्याचा अंदाज एकदाच ऐकून सोडू नये, रोज नवा पाहावा.

गैरसमज: हे सगळे विमानतळासाठी आणि मोठ्या बागायतदारांसाठी.

मोपाच्या विमानांना हवामानाची माहिती लागते हे खरेच. पण तिची खरी गरज ज्याच्याकडे दुसरा आधार नाही त्याला. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने 2020 मध्ये देशातील 16 राज्यांतल्या जवळपास चार हजार शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवामानाचा सल्ला ऐकून पेरणी, खत, फवारणी, कापणी यांपैकी निदान एखादी गोष्ट बदलली, असे 98 टक्के शेतकऱ्यांनी सांगितले. मान्सूनचे अंदाज सुधारण्यावर खर्च केलेल्या एका रुपयामागे सुमारे 50 रुपयांचा लाभ, असा हिशेब त्याच अभ्यासाने मांडला.

ऑक्टोबर 2019 चेच पाहा. भात कापणीला आले आणि क्यार वादळाच्या पावसाने गोव्यात उभे पीक आडवे केले. अशा वेळी दोन दिवस आधी कापून, मळून भात आत घेणे किंवा कापणी पुढे ढकलणे, एवढाच निर्णय हातात असतो. कापून शेतात पसरलेले भात भिजले, तर कोंब फुटतात. काजूचेही असेच. मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा राहिली की ढेकण्या ही कीड वाढते. सल्ला पाहून फवारले तर एक फवारणी कामी येते, पावसाच्या तोंडावर केली तर औषध धुऊन जाते आणि मजुरीही पाण्यात.

गैरसमज: हवामानबदल ही पुढच्या पिढीची गोष्ट.

1982 ते 2019 या काळाच्या अभ्यासात अरबी समुद्रातली चक्रीवादळे सुमारे 52 टक्क्यांनी वाढल्याचे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळले. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याला चाटून गेले, तेव्हा गावेच्या गावे अंधारात राहिली. खाजनात खारे पाणी शिरले तरी तग धरणाऱ्या कोरगुटसारख्या भाताचे बियाणे जपणे, बांध आणि मानशी वेळेत दुरुस्त करणे, हेही हवामानाला तोंड देण्याचेच काम आहे.

उणीव आहे ती माहिती शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्याची. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' ॲपवर मिळतो, वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आहे, आणि ऑक्टोबर 2024 पासून पंचायतवार अंदाजही सुरू झाला आहे. पण ज्या आजीकडे फोन नाही, तिच्यापर्यंत तो कोण नेणार? पेडणे-डिचोलीच्या पंचायतींनी हा सल्ला आठवड्यातून दोनदा फलकावर मराठी-कोकणीत लिहावा, आणि तिळारीतून पाणी सोडण्याची खबर नदीकाठच्या प्रत्येक वाड्यावर भोंग्याने द्यावी. येत्या ग्रामसभेत ही मागणी तुम्हीच मांडा.