शेवळं घ्या, पण काकड विसरू नका!

पहिला पाऊस पडला की पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबकेश्वरच्या आठवडी बाजारांत रानभाज्या येतात. त्यातली सगळ्यात हुशारीनं रांधावी लागणारी भाजी म्हणजे शेवळं.

शेवळं सुरणाच्या कुळातली. पावसाच्या सुरुवातीला जमिनीतून वर येणारे हे जांभळट कोंब म्हणजे खरं तर तिचा फुलोरा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, म्हणून नीट न शिजवल्यास घसा भयंकर खाजतो. त्यावर कोकणा, महादेव कोळी, वारली बायकांचा पिढीजात उपाय ठरलेला: कोंब सोलायचा, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबट फळांच्या रसात भरपूर शिजवायचं. म्हणूनच शेवळांच्या वाट्याशेजारी हिरवी काकडंही मांडलेली असतात. घाट उतरून किनाऱ्याकडे गेलात, तर हीच शेवळं कोलंबीबरोबर रांधलेली मिळतील.

टाकळा, कुर्डू या इतर रानभाज्या कोवळ्या असतानाच घ्या. ओळख पक्की नसेल तर रानातून स्वतः काहीही खुडू नका. विकणाऱ्या मावशींकडून भाजी घ्या, ती कशी करायची तेही विचारा आणि घासाघीस मुळीच करू नका. या ज्ञानाचं खरं मोल त्यांचंच आहे.

#रानभाज्या #नाशिक