बेण्याचा बटाटा: पाला आधी मारायचा!

स्कॉटलंडमध्ये एप्रिल-मेमध्ये, जमीन जरा ऊबदार झाली की बेण्याच्या बटाट्याची लागवड सुरू होते. हे पीक खाण्याच्या बटाट्यासारखं सांभाळून चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. इथे खरी कमाई वजनाची नसून निरोगीपणाची. एका रोगट डोळ्यातून उगवलेलं झाड पुढच्या हंगामात शेजारची झाडं बिघडवतं. विषाणू पसरवतो मावा. थंड, वाऱ्याच्या मुलखात तो उशिरा आणि कमी येतो, म्हणून तिथलं बेणं नावाजलेलं.

'मग औषध मारा की!' असं कुणी म्हणेल. पण वाय विषाणू मावा पानात सोंड खुपसताच काही सेकंदांत सोडतो, आणि औषधाने मावा मरायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून शेतकरी वरंब्यावरून चालत सुरकुतलेली, पिवळट ठिपक्यांची झाडं गड्ड्यांसकट उपटून शेताबाहेर नेतात आणि मावा वाढण्याआधीच हिरवागार पाला मारून टाकतात. उत्पन्न घटतं, हा आक्षेप खरा आहे. पण बेण्याला साधारण 35 ते 55 मिलिमीटरचेच बटाटे हवे असतात, आणि त्यासाठी लागवडही दाट करतात. मोठा बटाटा कापून लावावा लागतो, आणि सुरी एका गड्ड्याचे जिवाणू दुसऱ्याला लावत जाते.

आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर पंजाबचं बेणं येतं. पंजाबातही जानेवारीत पाला कापण्याची हीच युक्ती वापरतात. बेणं घेताना आकार बघाच, पण पोत्यावरचा प्रमाणित बियाण्याचा टॅग आधी वाचा.