सौरदीप आणि शेजार

सूर्यप्रकाशापासून सरळ वीज देणारा सिलिकॉनचा उपयुक्त घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली सिद्ध झाला. परंतु प्रयोगशाळेत सिद्ध झालेले साधन खेड्यातील घरापर्यंत पोहोचण्यास पुष्कळ काळ लागतो. आणि या प्रवासातील अखेरची वाट बहुधा शेजारी दाखवतो.

आयोवा राज्यातील संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. नव्या बियाण्याची वार्ता बहुतेक शेतकऱ्यांना विक्रेत्यांकडून कळली होती. ते पेरण्याचा निश्चय मात्र शेजाऱ्यांच्या अनुभवावरून झाला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. छपरावरील सौरफलकांच्या बाबतीतही हाच परिणाम दिसतो, असे बोलिंजर व गिलिंगहॅम यांनी २०१२ साली कॅलिफोर्नियातील नोंदींवरून दाखविले.

छत्तीसगडातील डोंगराळ वनप्रदेशात विजेच्या तारा नेणे अतिशय कठीण आहे. तेथील अनेक वस्त्यांत सौरवीज पोहोचविण्याचे कार्य रायपूर येथील ‘क्रेडा’ या शासकीय संस्थेने केले. १ नोव्हेंबर २०१६ रोजी आरंभ झालेल्या ‘सौर सुजला’ योजनेतून शेतकऱ्यांना ३ व ५ अश्वशक्तीचे सौरपंप अल्प किमतीत मिळू लागले. असा पंप उघड्या शेतात असतो. त्याला पाणी किती येते, ढगाळ दिवशी तो कसा चालतो, बिघडल्यास दुरुस्तीला कोण येतो, हे सारे बांधापलीकडचा शेतकरी स्वतः पाहू शकतो. माहितीपत्रकाने न फिटणाऱ्या शंका अशा रीतीने फिटतात.

परंतु शेजाऱ्याचा प्रभाव दुधारी असतो. पेटलेला दिवा जसा बोलतो, तसा विझलेलाही बोलतो. बॅटरी निकामी होऊन एका घरी अंधार पडला, तर ती वार्ता साऱ्या पाड्यात पसरते. बिहारमधील धरनाई गावात २०१४ साली सौरवीज आली, तेव्हा काही ग्रामस्थांनी ‘असली बिजली’ हवी अशी मागणी केली. या विजेवर जड उपकरणे चालत नव्हती.

म्हणून यंत्रे बसविण्याइतकेच त्यांच्या देखभालीस महत्त्व आहे. क्रेडाने फलक पुसण्यासाठी गावातीलच माणूस आणि काही गावांच्या गटासाठी एक तंत्रज्ञ, अशी व्यवस्था ठेवली. वेळेवर दुरुस्त झालेला दिवा एका घराला प्रकाश देतो, आणि शेजारच्या घरांचा विश्वासही राखतो.