बी.एस्सी. करता करता विशारद

पाच, एक, पाच, एक, पाच. बेरीज सतरा.

कथकच्या वर्गात तीनतालाची तिहाई शिकवताना गुरू हे आकडे बोटांवर मोजून घेतात. ताल १६ मात्रांचा, पण तिहाईचा शेवटचा बोल पडायचा तो पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे सतराव्या मात्रेवर. समेपासून उचललेली तिहाई १७ मात्रांत बसवायची तर पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा आणि मध्ये एकेका मात्रेचा दम. झपताल दहा मात्रांचा, म्हणून तिथे हिशेब अकराचा: तीन, एक, तीन, एक, तीन. बेदम तिहाई हवी असेल तर तीनतालात अडचण येते, कारण १७ ला तीनने भाग जात नाही. मग दोन आवर्तनं घ्यायची. ३३ मात्रा होतात आणि अकरा-अकराचे तीन तुकडे पडतात. १४ मात्रांच्या धमारात मात्र सम ते सम बेदम तिहाई सरळ बसते.

गणित घेऊन बी.एस्सी. करणारी मुलगी वर्गात असेल तर तिला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. ती वहीच्या मागच्या पानावर एकतालाचं करून पाहते, तेरा कसे पाडायचे ते शोधते आणि दोन-तीन उत्तरं घेऊन येते. पण उत्तर कागदावर आलं म्हणजे पायात आलं असं होत नाही. पाचाचा तुकडा पायाने वाजवताना दुसरा दम अर्धी मात्रा लांबतो आणि तिसरा तुकडा सम ओलांडून जातो. मग पुन्हा पढंत: हाताने टाळी-खाली देत बोल तोंडाने म्हणायचे, पाय स्थिर. तोंडात बसलं की पायात.

कोल्हापुरात शास्त्रीय नृत्य शिकणाऱ्या बहुतेक कॉलेजच्या मुलींचा अभ्यास असा दोन ठिकाणी चालतो. दिवसा पदवीचा विषय: विज्ञान, वाणिज्य, इंजिनिअरिंग, संस्कृत, इतिहास. संध्याकाळी कथक किंवा भरतनाट्यमचा वर्ग आणि त्यातून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण. शाळेत असताना सुरू केलं तर मध्यमाच्या आसपास दहावी येते. तिथे शास्त्रीय कलेच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात आणि त्या गुणांसाठी टिकून राहिलेल्या अनेकजणी दहावीनंतर वर्ग सोडतात. ज्या सोडत नाहीत, त्यांचं विशारद आणि त्यांची पदवी एकाच सुमाराला येऊन ठेपतात.

या परीक्षापद्धतीचं मूळ कोल्हापूरपासून फार लांब नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकायला ठेवलं गेलं. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेल्या इयत्ता, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, शेवटी प्रमाणपत्र: गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहू न शकणाऱ्यालाही विद्या मिळावी अशी ती सोय होती. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ साली, शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. नृत्य या चौकटीत पुढे आलं. दिवसभर दुसरं काही शिकून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या मुलीला आज ही चौकट उपयोगी पडते.

वर्गाचं काम मात्र चौकटीत मावत नाही. भरतनाट्यमच्या वर्गात गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरतात आणि मुली अरमंडीत बसतात. गुडघे बाजूला वळलेले, पाठ ताठ, टाचा जवळ. दिवसभर बाकावर किंवा कॉम्प्युटरसमोर बसून आलेल्या शरीराला ही बैठक लगेच मिळत नाही. पहिल्या दहा मिनिटांत गुडघे आत येऊ लागतात. गुरू एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात की वळण गुडघ्यातून नको, खुब्यातून हवं. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीला याचा अर्थ हाडांच्या नावांसकट कळतो. गुडघा मुख्यतः पुढे-मागे दुमडणारा सांधा आहे, तो पिळला की दुखणार. मांडीचं हाड खुब्याच्या खोबणीत फिरलं तर गुडघा आपोआप पायाच्या बोटांच्या रेषेत येतो. कॉलेजात सांगाड्यावर पाहिलेला सांधा ती इथे स्वतःच्या शरीरात वापरते. आणि मग शेजारच्या लहान मुलीचा गुडघा आत आलेला तिला गुरूंच्या आधी दिसतो.

जमिनीचंही तसंच. शहरातले बरेच वर्ग घराच्या वरच्या मजल्यावर, शाळेच्या हॉलमध्ये, मंदिराच्या सभागृहात भरतात आणि खाली फरशी किंवा सिमेंट असतं. लाकूड थोडं दबतं, फरशी दबत नाही. तत्कार चौपटीत गेली की प्रत्येक आघात नडगीपर्यंत चढतो, शिवाय दोन्ही पायांत शंभर-दीडशे घुंगरांचं वजन. जाड सतरंजी घातली तर आवाज मरतो, न घातली तर नडगी दुखते. यावर खरा उपाय लाकडी तळाचा, आणि तो खर्च छोट्या वर्गाला झेपत नाही. दुखणं घेऊन नाचणं म्हणजे निष्ठा, असं मानायची सवय अजून आहे. ती जायला हवी.

वेळेचा प्रश्न याहून कठीण. विद्यापीठाच्या सत्रपरीक्षा दिवाळीच्या आगेमागे आणि पुन्हा उन्हाळ्यात असतात. मंडळाची सत्रंही नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मेमध्ये. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांना ओळखत नाहीत. सकाळी रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक आणि दुपारी विशारदची तोंडी, असा दिवस विद्यार्थिनीच्या वाट्याला येऊ शकतो. विशारदची तयारी नुसत्या नाचाची नसते. लेखी उत्तरपत्रिकेत तोडे-परण लिपीत लिहायचे असतात, भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धती माहीत लागतात. प्रात्यक्षिकात परीक्षक मध्येच थांबवून एखाद्या तालाची दुगुन हातावर म्हणून दाखवायला सांगतात. जर्नल पूर्ण करायचं, सबमिशन द्यायचं, केएमटीने वर्ग गाठायचा आणि रात्री पुन्हा पढंत. कागल किंवा इचलकरंजीहून येणाऱ्या मुलीच्या दिवसात शेवटच्या एसटीची वेळही मोजावी लागते. या दगदगीत घरचे विचारतात की यातलं नक्की काय करायचं आहे. प्रश्न काळजीचा असतो, पण त्यात एक गृहीत दडलेलं असतं: पदवी म्हणजे अभ्यास आणि नृत्य म्हणजे आवड.

हे गृहीत महाराष्ट्रातल्या मोठ्या नर्तकींनीच खोटं ठरवलं आहे. रोहिणी भाटे १९४६ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'नृत्यभारती' सुरू केली. त्यांचा साहित्याचा अभ्यास बाजूला पडला नाही. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं, नृत्यावर मराठीत ग्रंथलेखन केलं, आणि त्यांच्या कथकमधली काव्याची समज त्यांच्या वाचनाशी जोडलेली होती. मुंबईच्या कनक रेळे कायद्याच्या पदवीधर. त्यांनी मोहिनीअट्टमचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला, नृत्यात पीएच.डी. मिळवली आणि 'नालंदा'सारखं नृत्याचं महाविद्यालय उभं केलं. पुरावा तपासून, क्रम लावून बाजू मांडण्याची वकिली शिस्त त्यांच्या कामात दिसते, असं म्हटलं तर वावगं होणार नाही. ओडिसी नर्तकी झेलम परांजपे यांनी तर भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या 'लीलावती'वर नृत्यरचना केली आणि त्यातली गणितं रंगमंचावर आणली. वहीच्या मागच्या पानावर तिहाई पाडणाऱ्या मुलीला ही रचना दाखवायला हवी.

धोरण आता थोडं या बाजूला झुकलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घ्यायला परवानगी दिली. अट एवढीच की दोन्हींच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आला, खुले ऐच्छिक विषय आले, आणि सहअभ्यासक्रमाच्या क्रेडिटमध्ये खेळ, एनएसएस, एनसीसी यांच्या शेजारी प्रयोगकलांना जागा मिळाली. कागदावर हे मोठं पाऊल आहे. हिशेब मात्र पाहायला हवा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात ३० तास. दोन क्रेडिटचे ६० तास, १५ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला चार. संध्याकाळच्या वर्गाला नियमाने येणारी आणि घरी रियाज करणारी मुलगी एवढे तास सहज भरते. म्हणजे काम आधीच होत आहे, त्याची नोंद फक्त होत नाही. कॉलेजांनी शहरातल्या गुरूंशी रीतसर करार करावेत, हजेरी आणि मूल्यमापन त्यांच्याकडे सोपवावं आणि मानधन द्यावं. नृत्याचा शिक्षक नेमता येत नाही म्हणून नृत्य नको, ही सबब मग उरणार नाही.

पूर्ण वेळ नृत्यच शिकायचं असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात गुरुकुल पद्धत आणि विद्यापीठाची पदवी एकत्र आणली गेली. पण कोल्हापूर ते पुणे हे सव्वादोनशे किलोमीटरचं अंतर प्रत्येक घराला झेपत नाही. आणि जिला नृत्याबरोबर भौतिकशास्त्रही मनापासून हवं आहे, तिची गरज वेगळी आहे. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र अधिविभाग आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या आवारात संगीत, नाट्य, इतिहास आणि विज्ञानाचे अधिविभाग एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दोन विषय जोडायला याहून सोयीची जागा शोधायला नको.

रंगमंचाचा अनुभव हा या शिक्षणाचा अर्धा भाग, आणि तिथे कोल्हापूरवर मोठा आघात झाला. शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ साली सुरू झालं, पुढे ते केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. नाटकवाल्यांचं दुःख सगळ्यांनी पाहिलं. नृत्याच्या विद्यार्थिनींचं नुकसान कमी बोललं गेलं. वर्गात आरशासमोर नाचणं वेगळं आणि खोल रंगमंचावर, डोळ्यांवर प्रकाश घेऊन, सम गाठणं वेगळं. शाहू स्मारक भवन आहे, कॉलेजांची सभागृहं आहेत, पण लाकडी तळ, विंग, खोली आणि भरलेलं प्रेक्षागृह हे सगळं एकत्र तिथे मिळत होतं.

रंगमंचाची दुसरी वाट युवा महोत्सवाची. शास्त्रीय नृत्याच्या स्पर्धेत एकटीने १५ मिनिटांत सगळं मांडायचं. लोकनृत्यात अख्खा संघ. गर्दी अर्थातच लोकनृत्याला, आणि तिची तालीम शास्त्रीय शिकणाऱ्या मुलीला खूप काही देते. धनगरी गजनृत्यात ढोलाचा ठेका एकसारखा चालतो आणि पावलं सगळ्यांची एकदम पडावी लागतात. एकटीने समेवर येण्याची सवय असलेल्या मुलीला इथे दहाजणांचा श्वास सांभाळावा लागतो. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत ढोल ऐकलेल्या मुलीचं पाऊल या तालमीत लवकर बसतं. समाजशास्त्र शिकणारी एखादी याच नृत्यावर आपला प्रकल्प करू शकते, आणि करावाच.

इतिहास किंवा मराठी घेतलेल्या भरतनाट्यमच्या विद्यार्थिनीसमोर तर एक अख्खं दालन उघडं आहे. आज भरतनाट्यममध्ये अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम शिकवतात, तो घडवण्याचं श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार भावांना दिलं जातं, आणि हे भाऊ तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाला होते. दुसरे सरफोजीराजे यांच्या नावावर मराठी नृत्यरचना आहेत. त्यांची निरूपणं एकाच कथासूत्रावर, एकाच रागातालात बांधलेली आहेत. आचार्य पार्वतीकुमार यांनी तंजावरच्या या मराठी रचना अभ्यासून पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी भरतनाट्यम मराठी भाषेशी आणि हिंदुस्थानी संगीताशी जोडण्याचं काम पुढे नेलं. तंजावरच्या दरबाराचे कित्येक कागद मोडीत आहेत. कोल्हापुरात पुराभिलेखागार आहे, मोडी शिकवणारे जाणकार आहेत, छत्रपतींच्या गादीचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक आहेत. त्याच गावात अरमंडीत बसून वर्णम् शिकणाऱ्या मुली आहेत. या दोन वर्गांत जाणारी मुलगी एकच असेल, तर सरफोजीराजांची रचना मूळ कागदावरून वाचणं, तिचा ताल लावणं आणि ती करून दाखवणं हे सगळं तिला स्वतःला करता येईल. एम.ए.च्या प्रबंधासाठी हा विषय भरपूर आहे, आणि त्याचं प्रात्यक्षिक परीक्षकांसमोर घुंगरू बांधून द्यायला विद्यापीठाने परवानगी द्यावी.