आबिड्सचा एक रविवार : जुना माल आणि खरा शब्द

व्यापाऱ्याला सुट्टी मिळाली तरी त्याची पावले बाजाराकडेच वळतात, असे आमच्या घरची मंडळी थट्टेने म्हणतात. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी आम्ही ही थट्टा खरी करून दाखविली. आम्ही चौघे स्नेही सकाळीच आबिड्सला निघालो. बरोबर तीन खोकी होती, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांनी भरलेली.

आबिड्स हा भाग मुळी एका दुकानाचे नाव धारण करणारा. सहावे निझाम महबूब अली खान यांच्या पदरी असलेल्या आबिद नामक गृहस्थांनी येथे दुकान थाटले. दुकान काळाच्या उदरात गेले, नाव मात्र राहिले. रविवारी येथील बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्यापुढील पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आमच्यातील एकाने तेथेच मोटारदुरुस्तीचे एक जीर्ण पुस्तक घासाघीस करून पदरात पाडले आणि शकुन चांगला झाला.

मागील गल्लीत एका स्नेह्यांच्या अंगणात जुन्या मोटारींचे दहाबारा षौकीन जमले होते. सतरंजीवर कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, चाकांच्या चकचकीत टोप्या, दिव्यांच्या कडा असा सारा संसार मांडला होता. रिवाज असा की शक्यतो पैसा काढावयाचा नाही. वस्तूस वस्तू द्यावयाची.

आमची खोकी वडिलांच्या दुकानातील होती. दुकान बंद होऊन बरीच वर्षे लोटली. वहीत हा माल ‘पडून’ म्हणून दाखविलेला, आणि तो भंगारात वजनावर घालण्याचा आमचा विचार जवळजवळ ठरला होता. त्यात बहुतेक भाग फियाट इलेव्हन हंड्रेडचे व तिच्याच वंशातील पद्मिनीचे. या गाड्या कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात तयार होत, त्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ साली सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी केली, ही गोष्ट आपणा सर्वांस अभिमानाची आहे. शेठजी १९५३ साली निवर्तले. पद्मिनीचे उत्पादनही या शतकाच्या आरंभास थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी उतरली. गाडी गेली की तिच्या भागांचे कारखानेही थंडावतात. मग कोणाच्या तरी माळ्यावरील खोके हाच आधार उरतो.

तेथे एक तरुण आमच्या सतरंजीशी थबकला. वडिलांची गाडी त्याने मोठ्या हौसेने उभी केली होती. अडले होते ते ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपाशी. आमच्याकडे तो होता, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह. “अगदी कोरा आहे,” आम्ही ऐटीत सांगितले. तरुणाचा चेहरा उजळला. पुढील आठवड्यात आईला त्याच गाडीतून सोलापूरला न्यावयाचे, असे तो म्हणाला आणि बदल्यात आपल्याजवळील दिव्यांची जोडी पुढे करू लागला.

इतक्यात शेजारी बसलेल्या वृद्ध मिस्त्रींनी हात पुढे केला. त्यांनी सिलिंडर खोलला, आतील रबरी वाटी नखाने दाबली. तिला चीर पडली. “सेठ, लोहा ठहरता, रबर नै ठहरता,” ते शांतपणे म्हणाले. न वापरलेले रबरही वर्षानुवर्षे पडून कडक होते, तडकते. अशा वाटीच्या कडेने द्रव मागे निसटतो, मग पायाखालचे पेडल खोल जाते आणि गाडी थांबत नाही.

वाचकहो, आमचे तोंड उतरले. आम्ही असत्य बोललो नव्हतो. माल खरोखरच कोरा होता. परंतु खोके न उघडता ‘कोरा’ म्हणणे हा शब्द प्रामाणिक म्हणता येईल काय? आमच्या त्या एका शब्दावर विसंबून एक माता घाटवळणाच्या वाटेला लागली असती.

आम्ही तत्काळ क्षमा मागितली आणि सिलिंडर बदल्यावाचून त्या तरुणाच्या हाती ठेवला. मिस्त्रींनी आतील भिंत पुसून तपासली. धातू निर्मळ होता, गंज नव्हता. नवी रबरे बसवून, गाडी प्रथम मोकळ्या मैदानात चालवून पाहिल्याखेरीज सोलापूरचे नाव काढावयाचे नाही, असे त्यांनी त्याला बजावले. तरुणाने तरीही दिव्यांची जोडी आमच्या खोक्यात ठेवलीच.

मग दुपार होईतो आम्ही तिन्ही खोकी उघडून बसलो. मिस्त्री सांगत गेले, आम्ही चिठ्ठ्या लिहीत गेलो : ‘धातू उत्तम, रबर बदलावे’, ‘पडदा निकामी’, ‘जसेच्या तसे वापरावे’. काही भाग खरोखरच भंगारात गेले. पण उरलेल्यांस पुष्कळ धनी मिळाले. नवल असे की, दोष लिहिलेला मालच लोक अधिक विश्वासाने उचलीत होते.

सायंकाळी परतताना पदपथावरील पुस्तके बांधली जात होती. घरी येऊन आम्ही वडिलांची वही काढली आणि ‘पडून’ या शब्दापुढे लिहिले : ‘तपासून दिला.’ सोलापूरहून त्या तरुणाचा दूरध्वनी आला, तो दहा दिवसांनी. आई सुखरूप पोहोचली होती.